दिवाळी अंक वेळेवर निघाला, त्याबद्दल ताईंचे आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

अंक छापून झाला, वर्गणीदारांच्या हातात पडला, आणि त्यातलं एकही पान हललेलं नाही. श्रेयनामावलीत संपादक, चित्रकार, मुद्रितशोधक, छपाई, बांधणी अशी सगळ्यांची नावं येतात. अक्षरजुळणीचं मशीन, म्हणजे माझा अडून बसलेला संगणक, ज्यांनी उभं केलं त्यांचं नाव छापायची आपल्याकडे पद्धत नाही. तुम्ही स्वतःच ‘नाव नको’ म्हणालात, म्हणून इथंही ते लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. पुण्यातल्या पेठांमध्ये माझ्यासारखे घरातून पानं लावणारे पुष्कळ आहेत, त्यांची मशीनंही साधारण माझ्याच वयाची आहेत, आणि जे माझ्या मशीनचं झालं ते त्यांचंही होऊ शकतं.

माझं मशीन २०१९ साली जुळवून घेतलेलं. बी४५० चा मदरबोर्ड, त्यावर पहिल्या पिढीचा रायझन १६०० प्रोसेसर, आठ जीबी रॅम, विंडोजपुरती छोटी एसएसडी आणि कामाच्या फायलींसाठी मोठी हार्ड डिस्क. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. बोर्ड मात्र बदलायची गरज नव्हती. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला की त्याच सॉकेटमध्ये २०२२ साली आलेला रायझन ५६०० चालतो. म्हणून एका दुकानात मशीन दिलं. त्यांनी बायोस अद्ययावत करून प्रोसेसर, रॅमची जादा स्टिक आणि थेट बोर्डावर बसणारी नवी एनव्हीएमई एसएसडी असं सगळं एकाच बैठकीत बसवलं. मशीन चालू झालं, पण विंडोजपर्यंत पोचेना. काळ्या पडद्यावर ‘बूट करण्याजोगं साधन नाही’ एवढाच निरोप. हार्ड डिस्क तर बायोसमध्ये दिसायचीच बंद झाली. दुकानातून उत्तर आलं: एक डिस्क करप्ट झाली, दुसरी गेली, फॉरमॅट मारून नवीन टाकू.

फॉरमॅट हा शब्द माझ्या धंद्यात किती जड आहे, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही, हीच पहिली मोठी गोष्ट. माझ्याकडचे कित्येक वर्षांचे अंक श्रीलिपी या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटांत आहेत. तो फाँट नसेल तर पानावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उरतात. ते फाँट, सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (परवान्याच्या किल्लीचा) ड्रायव्हर, बोटांना सवय झालेली कीबोर्डची मांडणी, घडवत आणलेल्या स्टाइल्स हे सगळं त्या छोट्या एसएसडीवर होतं, आणि चालू अंकाचे निम्म्याहून जास्त फर्मे (छपाईच्या पानांचे संच) हार्ड डिस्कवर.

प्रेसवाल्यांनी तापकीर गल्लीजवळचं तुमचं छोटं दुकान सुचवलं. मशीन उघडण्याआधी तुम्ही मला बसवून विचारलंत की शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय काय बदललं. माझ्या तोंडून आलेली प्रत्येक वस्तू तुम्ही पाठकोऱ्या कागदावर लिहीत होतात. मग म्हणालात, “काका, आधी सगळं मागं नेऊ. मग एकेक पुढं.” पुढच्या साऱ्या कामाचं सूत्र हेच होतं.

मागं नेणंही सोपं नसतं, हे मी तुमच्याजवळ उभं राहून पाहिलं. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली असताना कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. तुम्ही मशीन थोडा वेळ बायोसमध्येच चालू ठेवून गरम होऊ दिलंत, मग बंद करून कूलर हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवलात. इतक्या घाईच्या दिवसांत इतकी सबुरी मी फार कमी हातांत पाहिली आहे.

जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम परत आत, एनव्हीएमई बाहेर. हार्ड डिस्क लगेच दिसू लागली. विंडोज अजूनही येईना, तेव्हा तुम्ही बायोसमध्ये सीएसएम नावाचं, जुन्या पद्धतीचं बूटिंग चालू देणारं एक कलम शोधून चालू केलंत, आणि माझा ओळखीचा डेस्कटॉप समोर आला. कारण तुम्ही समजावलंत तसंच लिहितो: बायोस अद्ययावत केला की त्यातल्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. माझं विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीनं टाकलेलं होतं, आणि नव्या बायोसनं त्या पद्धतीचं बूटिंग बंद ठेवलं होतं. डिस्क धडधाकट होती, तिच्याकडे जायची वाट तेवढी बंद होती. त्या क्षणी मला खुर्चीत बसावं लागलं. तुम्ही मात्र दोन्ही डिस्का काढून स्वतःच्या मशीनला लावल्यात आणि आधी सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतलीत. ती पूर्ण होईपर्यंत माझ्या मशीनला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत.

मग एकेक पुढं. नवा प्रोसेसर बसवल्यावर पडद्यावर एफटीपीएमबद्दल, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या प्रोसेसरमधल्या सोयीबद्दल, प्रश्न आला: नव्यानं सुरू करायचं का, वाय की एन. पुष्कळ जण न वाचता वाय दाबून मोकळे होतात. तुम्ही मला फोन केलात: “बिटलॉकर लावलंय का? रिकव्हरी की कुठं ठेवलीय?” बिटलॉकर म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप; माझ्याकडे ते नव्हतंच. पण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कला अशी कुलुपं आपोआप लागलेली असतात आणि मालकाला पत्ता नसतो. वाय दाबल्यावर चिपमधली किल्ली पुसली जाते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातली रिकव्हरी की हाताशी नसेल तर चांगली डिस्क कायमची बंद होते. तो एक फोन कुणाची तरी आयुष्यभराची कमाई वाचवत असेल.

नवा प्रोसेसर एकटा नीट चालला. नवी स्टिक घातली आणि विंडोज कोसळल्याचे निळे पडदे सुरू झाले. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. मी प्रत्येक कोड टिपून त्याचा वेगळा अर्थ लावत बसलो होतो. तुम्ही म्हणालात की दर वेळी वेगळा कोड येतोय, हीच खूण आहे, आधी मेमरीकडे बघू. विंडोजच्या नोंदींमधल्या (इव्हेंट व्ह्यूअर) ‘कर्नल-पॉवर ४१’ च्या ओळीवरूनही मी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेला असं धरून चाललो होतो. ती ओळ फक्त एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नाही. का झालं नाही, ते सांगत नाही. हे ऐकलं नसतं तर चांगला एसएमपीएस बदलला गेला असता.

तुम्ही पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवलीत. जुनी स्टिक तिच्या वेगावर एकटी पास, नवी एकटी पास, दोन्ही मिळून लाल ओळी. पहिल्या दुकानात एक्सएमपी (रॅमला जादा वेगानं चालवणारी सेटिंग) चालू करून वेग ३२०० वर नेलेला होता. नवी स्टिक त्या वेगाची, जुनी २४०० ची. बोर्ड दोघींना एकाच वेगानं पळवतो, आणि जुनीला ते झेपत नव्हतं. वेग २४०० वर आणल्यावर रात्रभरात एकही लाल ओळ आली नाही.

यात तुम्ही मला जे दटावलंत त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार. निळे पडदे येत असतानाही मला मधल्या वेळात पानं पुढं ढकलायची होती. तुम्ही साफ नाही म्हणालात. अशा मेमरीवर फाइल उघडून सेव्ह केली तर चूक फायलीतच जाऊन बसते, आणि ती तेव्हा दिसत नाही, छापल्यावर दिसते. मेमटेस्ट स्वच्छ येईपर्यंत तुम्ही मला तुमच्याच दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर, नक्कल केलेल्या फायलींवर काम करू दिलंत. बाहेर गिऱ्हाईक, आत मी एका कोपऱ्यात कवितांची पानं लावतोय, आणि तुमची आई मधूनमधून चहा पाठवताहेत. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

शेवटी एनव्हीएमई. ती बसवताच हार्ड डिस्क परत गायब. तुम्ही हसलात आणि बोर्डाच्या मॅन्युअलमधला बारीक अक्षरातला तक्ता दाखवलात: एनव्हीएमईचा एम.२ स्लॉट वापरला की सॅटाचे, म्हणजे हार्ड डिस्कच्या केबलचे, दोन पोर्ट बंद होतात. हार्ड डिस्कची केबल नेमकी त्यातल्याच एका पोर्टात होती. दुसऱ्या पोर्टात खोचली, डिस्क हजर. जिला मेलेली ठरवलं होतं तिला नुसती जागा बदलून हवी होती. मॅन्युअल वाचणारा माणूस दुरुस्तीच्या दुकानात भेटणं ही भाग्याची गोष्ट आहे, असं मी मनापासून म्हणतो.

तुम्ही रॅमची नवी जोडी तेव्हाच गळ्यात मारू शकला असता. उलट म्हणालात की अंक प्रेसला जाईपर्यंत २४०० वरच चालवा, चालत्या मशीनला हात नको. पान लावायच्या कामात त्या वेगाचा फरक मला जाणवलाही नाही. विंडोज ११ चंही तसंच. दिवाळीनंतर तुम्ही विंडोज ११ साठी एमबीआर२जीपीटी या साधनानं डिस्क काहीही न पुसता नव्या पद्धतीवर नेलीत, सीएसएम बंद केलंत, सिक्युअर बूट चालू केलंत, आणि माझे फाँट, माझा डोंगल, माझा कीबोर्ड जिथल्या तिथं राहिले. कॅबिनेटच्या आत तुम्ही चिकटवलेला कागद, बायोसची आवृत्ती, रॅमचा वेग, कुठली केबल कुठल्या पोर्टात, तो मी आता ओळखीच्या प्रत्येक अक्षरजुळणीकाराला दाखवतो आणि तसाच करून घ्यायला सांगतो.

तुम्ही आयटीआयला हार्डवेअरचा ट्रेड केलात तेव्हा घरात विरोध झाला होता, असं बोलता बोलता सांगितलंत. तुमच्या वडिलांना अंकाची एक प्रत वेगळी पाठवतोय. त्यांनी ती जरूर चाळावी.

रॅमची जोडी बसवल्यावर निघालेली जुनी आठ जीबीची स्टिक मी तुमच्याकडेच ठेवली आहे. तिच्या वेगावर ती उत्तम चालते, हे तुम्हीच सिद्ध केलंय. एखादा विद्यार्थी जुनं मशीन घेऊन आला आणि त्याची ऐपत नसली, तर त्याला बसवून द्या. पैसे घेऊ नका, माझ्या खात्यावर लिहा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक अक्षरजुळणीकार
नारायण पेठ, पुणे