औषध कारखान्यांतले रात्रीचे पंखे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पर्यावरण पुरवणीत बडोद्याच्या आसपासच्या औषध कंपन्यांचं भरपूर कौतुक छापून आलं, छतावर सोलर बसवलं, रोपं लावली, फोटोत सगळे साहेब लोक हेल्मेट घालून हसतायत. वाईट काहीच नाही त्यात. पण माझी सगळी नोकरी अशाच कारखान्यांच्या युटिलिटीत गेली, म्हणजे बॉयलर, चिलर (गार पाणी करणारं यंत्र), कॉम्प्रेसर आणि एएचयू (हवा गाळून खोल्यांत सोडणारी पंख्याची पेटी) यांच्या संगतीत, आणि तिथून बघणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की वीज मुळात जाते कुठे, ते कुणी विचारलंच नाही.

ती जाते हवेत. गोळी बनते त्या खोलीतली हवा गाळलेली, कोरडी आणि ठराविक तापमानाची लागते, शिवाय शेजारच्या खोलीपेक्षा दाब १०-१५ पास्कलने वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर एका औषधाची पावडर दुसऱ्यात जायची. हे हवंच, वाद नाही. पण ही हवा खेळवणारे पंखे आणि ती गार करणारे चिलर मिळून गोळ्यांच्या कारखान्यातली साधारण निम्मी वीज खातात, कुठे त्याहून जास्त. त्यात आपला पावसाळा. जुलैत बाहेरची हवा दमट, ती आधी इतकी गार करायची की तिच्यातलं पाणी गळून पडेल, आणि मग खोलीत २२-२४ डिग्री पाहिजे म्हणून तीच हवा वाफेवर नाहीतर हीटरवर परत तापवायची. म्हणजे चिलर पण पळतोय आणि बॉयलर पण. (चिलर जी उष्णता कूलिंग टॉवरवरून बाहेर टाकतो त्यातच हे तापवणं भागू शकतं, काही ठिकाणी तसं करतातही, बाकीचे बिल भरतात.)

आता रात्री दोन वाजता बघा. ग्रॅन्युलेशनची, म्हणजे गोळीसाठी पावडरचे दाणे करायची, खोली रिकामी, बॅच संपलेली, धुणंपुसणं झालेलं, दाराला 'क्लीन्ड'ची चिठ्ठी लावलेली, आत चिटपाखरू नाही, पण भिंतीवरच्या दाबाच्या गेजचा काटा १५ पास्कलवर आणि वरच्या मजल्यावर ब्लोअर, म्हणजे एएचयूचा पंखा, ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगाने घोंघावतोय. वऱ्हाड गेल्यावरही कार्यालयाचा एसी रात्रभर चालू ठेवावा तसं.

पंख्याचा वेग २० टक्के कमी केला की त्याची वीज २० टक्के कमी होत नाही, जवळजवळ निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनाच्या हिशोबात चालते. समजा ११ किलोवॉटचे २० ब्लोअर आहेत आणि रात्री ८ तास ते ४० हर्ट्झवर, म्हणजे २० टक्के कमी वेगावर ठेवले, तर कागदावर एका रात्रीत साधारण ८६० युनिट वाचतात, वर्षाच्या ३०० रात्री धरल्या तर अडीच लाखांच्या वर. आपल्या ग्रिडचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, तेव्हा १८० टन तरी नुसते पंख्यांचे, चिलरचं वेगळंच. आणि गंमत म्हणजे व्हीएफडी, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, पुष्कळ ठिकाणी आधीपासून बसवलेला असतो, फक्त कुणी हात लावत नाही.

का, तर ऑडिट. ऑपरेटर क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, बाईंना विचारतो, "मॅडम, खोली रिकामी आहे, फॅन खाली आणू का?" उत्तर ठरलेलं, "नको हो काका, चेंज कंट्रोल कोण उघडणार, उद्या इन्स्पेक्टरने विचारलं तर?" (चेंज कंट्रोल म्हणजे कुठलाही बदल मंजूर करून घ्यायची कागदपत्रं.) तिचंही चूक नाही, बिल तिच्या नावावर येत नाही आणि डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, मात्र येतं. वास्तविक डब्ल्यूएचओच्या मार्गदर्शक सूचनांतही वीज वाचवायला एचव्हीएसी, म्हणजे हवा खेळवायची-गार करायची ही सगळी यंत्रणा, काही वेळ बंद ठेवायला वाव आहे, अट एवढीच की मालाला धक्का लागत नाही हे व्हॅलिडेशन करून, म्हणजे चाचण्या घेऊन, दाखवा. इंजेक्शनच्या स्टराइल (निर्जंतुक) भागाबद्दल मी बोलतच नाहीये, तिथलं गणित वेगळं, मी बोलतोय साध्या गोळ्या-कॅप्सूलबद्दल. तिथे तासाला ६ ते २० वेळा हवा बदलणं नेहमीचं, पण डिझाइन करणारा वर अजून चार 'सेफ्टी'ला टाकतो आणि ते पुढे कायमचे चालतात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मधे हिशोब मांडला होता, दर दहा लाख डॉलर कमाईमागे औषध कंपन्यांचं उत्सर्जन ४८.५५ टन आणि मोटार कंपन्यांचं ३१.४ टन, आकडे २०१५ चे. तरी चिमणीचा धूर दिसतो म्हणून आपण सिमेंट-पोलादाला बोल लावतो, आणि केंद्राच्या 'पॅट' योजनेतही (मोठ्या उद्योगांना ऊर्जा वाचवायचं लक्ष्य देणाऱ्या) त्यांची नावं होती, औषधवाले सुटले.

सुधारित शेड्यूल एममुळे, म्हणजे औषध कारखान्यांसाठीच्या केंद्राच्या नियमांमुळे, छोट्या युनिटांनाही बदल करावे लागले, त्यांची वाढीव मुदत २०२५ अखेरपर्यंत होती. म्हणजे लाखो रुपयांचे नवे एएचयू बसलेत किंवा बसतायत, आणि आत्ता जो वेग सेट होईल तोच पुढची पंधरा वर्षं राहणार. गुजरातच्या एफडीसीएने, म्हणजे राज्याच्या अन्न-औषध प्रशासनाने, एक साधं पत्रक काढून सांगावं की व्हॅलिडेशन असेल तर रात्रीचा वेग कमी करायला आमची हरकत नाही, मग क्यूएवाले पण मोकळा श्वास घेतील. हे राज्य जमत नाही म्हणू शकत नाही, सुरतेत २०१९ मधे धुळीच्या उत्सर्जनाचा बाजार, जगातला पहिला, आपणच चालू केला. मोजमापाला बडोद्याच्या मकरपुऱ्यात एर्डा ही विजेच्या चाचण्या करणारी संस्था बसलेली आहेच.

आणि तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी तुमचा वार्ताहर सोलरचा फोटो काढायला गेला की त्याला एवढंच विचारायला सांगा, रात्री दोन वाजता तुमचे ब्लोअर किती हर्ट्झवर असतात, आणि उत्तर छापा.

आपला,
एक निवृत्त वाचक
दांडिया बाजार, बडोदा