एलिनॉरबाई, त्या सह्यांबद्दल आभार

एलिनॉर गेरिगबाईंना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही १९८४ मध्ये गेलात, म्हणजे हे पत्र पोचायचं नाही. तरी लिहितोय. एएलएसच्या, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराच्या, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांवर तुमचं एक ऋण आहे.

तुमच्या यजमानांचे आकडे बेसबॉलवाल्यांना तोंडपाठ असतात. लू गेरिग, न्यूयॉर्क यांकीज, १ जून १९२५ ते ३० एप्रिल १९३९, सलग २,१३० सामने. ४ जुलै १९३९ चं निरोपाचं भाषणही पाठ असतं. आम्ही मात्र अडकतो ते त्यानंतरच्या कचेरीच्या टेबलाशी. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी लूना शहराच्या पॅरोल आयोगावर नेमलं, १९४० च्या जानेवारीत ते रुजू झाले. कैद्याचं प्रकरण वाचायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, निर्णय द्यायचा. डोकं चोख चालत होतं, एएलएसमुळे हात चालत नव्हता. मग सहीच्या वेळी तुम्ही त्यांचा हात धरायचात.

हात धरून सही करवणं सोपं वाटतं, पण तसं नाही. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल भाग बहुधा लवकर झिजतो, तिथे खळगा पडतो आणि चिमटीतून पेन निसटतं. पेनाला स्पंज गुंडाळून ते जाड केलं की काही महिने निभावतं. पुढे दुसऱ्याचा हात लागतोच. तेव्हा कोपर टेबलावर टेकवायचं, आपला तळवा मनगटाखाली ठेवायचा, वजन आपण घ्यायचं आणि दिशा त्याला ठरवू द्यायची. घाईने बोटं पकडून ओढली की ताठरलेले स्नायू आणखी आवळतात, कागदावर नुसती रेघोटी उमटते. दोन-तीन सह्या झाल्या की थांबायचं, कारण दमलेला स्नायू लवकर सावरत नाही.

आणखी एक. हुकूम नेणाऱ्या पेशी मरतात, स्पर्श आणणाऱ्या बहुतांशी शाबूत राहतात. हाताला पेन पेलत नव्हतं, पण तुमचा तळवा त्याला कळत होता.

याउलट बाकीचे! मेयो क्लिनिक या रुग्णालयात १९ जून १९३९ ला, लूच्या छत्तिसाव्या वाढदिवशी निदान झालं. त्याआधी पित्ताशयाचं दुखणं ठरवून पथ्याचं जेवण चालू होतं. हे एक वेळ समजू शकतं, हा आजार सुरुवातीला भल्याभल्यांना चकवतो. पण १९४० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने छापलं की लूचा आजार यांकीजच्या खेळाडूंना लागला असावा, म्हणून संघ हरतोय. एएलएस संसर्गजन्य नाही. ताटातून, टॉवेलमधून, शेजारी झोपल्याने लागत नाही. लूना कोर्टात जावं लागलं, मग माफी छापून आली. संघ हरला की कोणावर तरी खापर फोडायचं असतं; इथे ते आजारी माणसावर फोडलं.

तसली माणसं अजून भेटतात. रुग्ण समोर खुर्चीत बसलेला, आणि ‘यांना काय हवंय?’ हा प्रश्न बायकोला. बहुतेक रुग्णांना सगळं समजत असतं, जीभ जड झाली म्हणजे अक्कल गेली असं नाही. आधी त्यालाच विचारावं, हो-नाही उत्तर येईल असं विचारावं, आणि थांबावं. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते, उत्तर तिथून येतं.

तुम्ही नुसता हात दिलात. त्या कागदांवरचा निर्णय लूचाच राहिला. मृत्यूच्या साधारण महिनाभर आधी त्यांनी गाजावाजा न करता पद सोडलं, २ जून १९४१ ला गेले. लग्नाला आठ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

त्या तळव्यासाठी, बाई, मनापासून आभार.

आपले,
शुश्रूषेच्या कामातले काही जण