परदेशी मतदार शोधताना आपलाच मतदार गळू नये

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मतदार यादीत परदेशी नागरिक भरले आहेत, ही ओरड निवडणूक जवळ आली की वाढते. बिहारमध्ये 2025 साली प्रारूप यादीतून 65 लाख नावे गळली. निवडणूक आयोगाने दिलेली कारणे होती: सुमारे 22 लाख मृत, 36 लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले, 7 लाख दुबार. त्यात परदेशी नागरिकांचा रकाना नव्हता.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 2024 साली वाहन परवान्यांच्या नोंदींवरून 2,176 जण संशयित ठरले. अमेरिकी केंद्र सरकारच्या नोंदींशी ताडल्यावर यादीत परदेशी निघाले 277. त्यांपैकी मत मोजले गेले 35 जणांचे, एकूण 16 लाखांहून अधिक मतांत. कारण ग्रीन कार्डावर वाहन परवाना काढलेला माणूस पुढे नागरिक होतो, पण जुन्या नोंदीत परदेशीच राहतो. तिकडे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसालाही हे चुकत नाही.

आपल्याकडे चूक नावात होते. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते, कधी पहिलेही. शाळेच्या दाखल्यावर माहेर, आधारवर सासर. संगणकाला त्या दोन बायका वाटतात.

परदेशी माणसाने नमुना 6 वर, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जावर, आपण भारतीय असल्याचे खोटे लिहून सही केली, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात असतो. एका मतासाठी हा धोका फार थोडे पत्करतात.

म्हणून आमचे मागणे. नावांच्या तफावतीवरून थेट नोटीस काढू नका. आधी बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, घरी पाठवा. आधीच्या यादीत नाव असेल तर त्याला वजन द्या. मुंबई-दिल्लीतल्या मतदारांना मोजकीच चार कागदपत्रे मागितली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली लालबाबू हुसेन खटल्यात हेच बजावले होते. नमुना 7 वर, म्हणजे नाव वगळण्याच्या अर्जावर, हरकत घेणाऱ्याकडून पुरावा मागा. गठ्ठ्याने आलेल्या अर्जांवर तर नक्कीच. नोटिशीत संशयाचे नेमके कारण मराठीत लिहा. रोजंदारीवरच्या माणसाला सुनावणीची दुसरी तारीख मिळू द्या.

परदेशी पासपोर्ट घेतलेल्यांची, जसे ओसीआय कार्डधारकांची (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशीयांना हे कार्ड मिळते), नावे मात्र जरूर काढा. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यांशी, म्हणजे नमुना 6-अ वाल्यांशी, त्यांची गल्लत नको. आणि नाव वगळल्याच्या आदेशावरच छापा: जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील 15 दिवसांत, त्यानंतर आपल्याकडे 30 दिवसांत.

आपले,
मतदार नोंदणीचे काम जाणणारे काही नागरिक