चोर सुटला, ग्रंथालय बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठा चित्रपट आला की पहिल्याच दिवशी तो टेलिग्रामवर फुटल्याची बातमी येते आणि पाठोपाठ ‘कायदा आणखी कडक करा’ ही निर्मात्यांची मागणी. त्यांचे दुखणे खरे आहे. खासगी बसमध्ये चोरून काढलेली प्रिंट लावतात, मध्येच उठलेल्या प्रेक्षकाचे डोकेसुद्धा त्यात दिसते, आणि कोणाला काही वाटत नाही. मराठी चित्रपटाला आधीच शो मिळायची मारामार, त्यात ही चोरी. पण या कायद्याचा दांडा भलत्याच्याच डोक्यात कसा बसतो, हे तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून मी पाहिले आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्या संगणकावर आर्काइव्ह डॉट ऑर्ग उघडेनासे झाले. जुनी मराठी पुस्तके तिथे हजारोंनी स्कॅन करून ठेवली आहेत. पानावर मूळ ग्रंथालयाचा शिक्का, कधी कडेला स्कॅन करणाऱ्याचे बोट, पण मजकूर वाचता येतो. आमच्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी सातारा जिल्ह्याचे १८८५चे गॅझेटिअर तिथे वाचून आपल्या गावाची टिपणे वहीत उतरवत होते. गॅझेटिअर वाचून कोणत्या निर्मात्याचे तिकीट बुडते? तरी पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली : दूरसंचार विभागाच्या निर्देशांवरून हा पत्ता बंद केला आहे. कशासाठी, किती दिवस, दाद कुठे मागायची, याचा पत्ता नाही. इंटरनेट कंपनीला फोन केला, तर “सर, राउटर बंद करून परत चालू करा,” असा सल्ला मिळाला.

कारण नंतर वर्तमानपत्रातून कळले. हिंदीतल्या दोन निर्मितीसंस्थांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवले होते. यादीत सुमारे २,६५० नोंदी, त्यात हेही संकेतस्थळ. ते चालवणाऱ्यांना आधी कोणी कळवलेही नव्हते. अशा दाव्यात प्रतिवादी अज्ञात असतो, म्हणून कागदावर ‘अशोक कुमार’ असे नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे. हे अशोक कुमार कधी हजर होत नाहीत. साहजिकच न्यायाधीशांसमोर एकच बाजू येते. २०१२ मध्येही मद्रास उच्च न्यायालयाच्याच आदेशावरून व्हिमिओ या व्हिडिओंच्या संकेतस्थळासारखी संकेतस्थळे बंद झाली होती आणि अख्खे संकेतस्थळ नव्हे, नेमकी लिंक बंद करा, असे न्यायालयाला मागाहून स्पष्ट करावे लागले होते. पाच वर्षांनी पुन्हा तेच.

हे टाळता येते. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये अशाच मागणीवर सरसकट बंदी द्यायला नकार दिला. प्रत्येक लिंक तपासा, तपासल्याचे प्रतिज्ञापत्र द्या, मग बोला, असा त्यांचा आग्रह होता. त्या प्रकरणानंतर बंद पानांवर जो संदेश झळकू लागला, त्यात तक्रारीसाठी ई-मेल होता आणि ४८ तासांत दाव्याचा तपशील देण्याची हमीही होती. (त्याच संदेशात नुसते पाहणेही गुन्हा असल्यासारखी भाषा होती, त्यावरून बरीच घबराट उडाली, तसे नाही, हेही न्यायमूर्तींनीच सांगितले.)

अमेरिकेत असाच ‘सोपा’ (स्टॉप ऑनलाइन पायरसी अ‍ॅक्ट) नावाचा कायदा येऊ घातला होता, तेव्हा १८ जानेवारी २०१२ रोजी निषेध म्हणून इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद ठेवला गेला आणि दोन दिवसांत विधेयक बारगळले. आपल्याकडे विधेयक पाडायचा प्रश्नच येत नाही, बंदी कोर्टाच्या कागदावरून आधीच सुरू असते.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. कॅमेरा घेऊन थिएटरात बसणाऱ्याला ही शिक्षा जरूर करा. माझा आक्षेप त्यापुढच्या व्यवस्थेला आहे. त्याच नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने बारा अधिकारी नेमले. त्यांनी सांगितले की ४८ तासांत लिंक काढायची, म्हणजे आता कोर्टाची पायरीही गेली. कॉपीराइटच्या जुन्या नियमांत निदान एवढे आहे की, तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर काढलेला मजकूर परत ठेवता येतो.

कायदा आणखी कडक करायचाच असेल, तर ही २१ दिवसांची अट अधिकाऱ्यांच्या आदेशालाही लावावी. बंद पानावर आदेशाचा क्रमांक, तारीख आणि तक्रारीचा पत्ता मराठीतही द्यावा. आणि न तपासता याद्या देणाऱ्या निर्मात्यालाही दंड असावा. निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांचा हिशेब कायद्यात तयारच आहे.

आपला,
एक ग्रंथपाल, जि. सातारा