सही करण्याआधी, आई-बाबांसाठी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेली आरोग्य विम्याची कोटेशनं नीट वाचली. सगळ्यात कमी हप्त्याच्या कोटेशनवर तुम्ही खूण केली आहे. त्यावर सही करू नका. त्याचं कारण फोनवर सांगितलं तर आकडे लक्षात राहणार नाहीत, म्हणून लिहून पाठवते.

त्या पॉलिसीत विमा रक्कम 5 लाख आहे, पण खोलीभाड्याला दिवसाला विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपयांची मर्यादा आहे. वर प्रत्येक क्लेमला 20 टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आपला. आता समजा, दवाखान्यात 8,000 ची खोली घेतली आणि पाच दिवस राहावं लागलं. खोलीचे 40,000, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे 1,20,000, औषधं आणि तपासण्यांचे 60,000. एकूण बिल 2,20,000. तुम्हाला वाटेल, खोलीचे वरचे 15,000 तेवढे आपण भरायचे. तसं होत नाही. 8,000 ला 5,000 चं जे प्रमाण, त्याच प्रमाणात डॉक्टर, थिएटर आणि नर्सिंगची रक्कमही कापतात. औषधं, तपासण्या, शरीरात बसवलेले इम्प्लांट आणि आयसीयूचे चार्जेस यांना ही कपात लावता येत नाही. म्हणजे मान्य झाले 25,000 अधिक 75,000 अधिक 60,000, मिळून 1,60,000. त्यातून 20 टक्के को-पे गेला की कंपनी देणार 1,28,000 आणि आपल्या खिशातून जाणार 92,000. हातमोजे, मास्क असल्या, कंपनी सहसा पैसे देत नाही त्या किरकोळ वस्तू धरल्या तर आणखी थोडे. पाच लाखांची पॉलिसी असूनही!

म्हणून हप्ता सगळ्यात शेवटी बघू. खोलीला मर्यादा नसलेली, निदान "सिंगल प्रायव्हेट एसी रूम" असं स्पष्ट लिहिलेली पॉलिसी हवी. को-पे नसेल तर उत्तम. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो बऱ्याचदा असतोच, पण 10 टक्क्यांच्या वर मी जाऊ देणार नाही. मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनला वेगळी मर्यादा टाकलेली असते, तीही बघायची.

दोघांची पॉलिसी वेगवेगळी घ्यायची. एकत्र फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एकच पॉलिसी घेतली तर हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि एकाच वर्षात दोघांना दवाखाना लागला तर एकच रक्कम दोघांत वाटली जाते. प्रत्येकी 5 लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी, हे मला बरं वाटतं. नुसता टॉप-अप नको. वर्षात एकदा 4 लाखांचं आणि एकदा 3 लाखांचं बिल आलं तर 5 लाखांच्या वरचा साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल एकट्याने 5 लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो: 7 लाखांतले 5 मूळ पॉलिसीतून, वरचे 2 त्यातून.

आई, तुझ्या गुडघ्याचं मनाला लागून राहिलंय, म्हणून स्पष्टच सांगते. आज पॉलिसी घेतली तरी गुडघेबदलाचं ऑपरेशन लगेच त्यात बसणार नाही. सांधेबदल, मोतीबिंदू, हर्निया यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त 3 वर्षं थांबवता येतं. पूर्वी ही मुदत 4 वर्षं होती, एप्रिल 2024 पासून कमी झाली. तुझा गुडघा आणि शुगर दोन्ही जुनीच. एखाद्या दुखण्याला दोन्ही अटी लागत असतील तर मोठी मुदत धरतात. पहिले 30 दिवस तर अपघात सोडून कुठलाच क्लेम नसतो. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन मुदत कमी करतात, तो पर्याय तुझ्यासाठी मी विचारून ठेवते. पण ऑपरेशन त्यासाठी लांबवायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील, पॉलिसी नाही.

तोवर सरकारी योजना हाताशी ठेवू. बाबा, तुम्हाला सत्तर पूर्ण झाली, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, जुन्या आजाराला थांबायची अट नाही, आणि खासगी विमा असला तरी चालतो. आयुष्मान ॲपवर आधारने नोंदणी होते. आईसाठी रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्हींत अडचण एकच: दवाखाना योजनेत नोंदलेला हवा, आणि तो उपचार यादीत हवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि आपण नेहमी जातो त्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून विचारा.

खासगी पॉलिसीसाठीही दवाखान्यातच विचारायचं. कंपनीच्या वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते. राजारामपुरीतल्या आपल्या दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर कंपनीचं नाव सांगून "कॅशलेस आत्ता चालू आहे का?" एवढं विचारा. मोठ्या दुखण्याला आपल्याकडे मिरजेला नेतात, म्हणून तिथलंही मी विचारते.

झोनचं कलमही वाचायचं. काही कंपन्या कोल्हापूरच्या पत्त्यावर हप्ता कमी लावतात, पण मुंबई-पुण्यात उपचार घेतला तर वेगळा को-पे कापतात. उद्या तुम्हाला माझ्याकडे पुण्याला आणायची वेळ आली तर ते महाग पडेल. थोडा जास्त हप्ता गेला तरी देशभर सारखी चालणारी पॉलिसी घेऊ.

आता फॉर्म. हे मी फार कळकळीने सांगते. एजंट कितीही ओळखीचा असला तरी कोऱ्या फॉर्मवर सही द्यायची नाही. "बीपी लिहू नका काका, हप्ता वाढतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. बाबांची बीपीची गोळी कधी सुरू झाली, आईची शुगर, थायरॉईड, जुनी ऑपरेशनं, सगळं लिहायचं. क्लेमच्या वेळी दवाखान्याच्या केसपेपरवर "बीपी दहा वर्षांपासून" असं डॉक्टर लिहितात, आणि फॉर्मवर "नाही" असेल तर क्लेम तिथेच अडकतो. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की लपवल्याच्या कारणावर कंपनीला हरकत घेता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येते. पण त्या पाच वर्षांत काही झालं तर? त्यापेक्षा हप्ता वाढू दे.

हप्त्याचं म्हणाल तर एका कोटेशनवर 18 टक्के जीएसटी लावलेला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, म्हणजे ते कोटेशन जुनं, नवीन मागवा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, आणि क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. हप्ता मी माझ्या खात्यातून भरणार आहे. रोख देऊ नका, रोखीने भरलेल्या हप्त्यावर आयकरातली सूट मिळत नाही.

पॉलिसी हातात आली की 30 दिवसांत पटली नाही तर परत करता येते. त्या मुदतीत ग्राहक माहिती पत्रक मराठीत मागून घ्या, ते मागायचा तुमचा हक्क आहे. त्यात खोली, को-पे, थांबायच्या मुदती एका जागी असतात. नावं, जन्मतारखा आणि लिहून दिलेले आजार पॉलिसीत तसेच आलेत का, हे बाबांनी चष्मा लावून तपासायचं. पुढे क्लेमवरून वाद झालाच आणि कंपनीने ऐकलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे फी न भरता तक्रार करता येते.

या आठवड्यात एवढं करा: दोघांच्या सध्याच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, जुने डिस्चार्ज पेपर आणि शेवटच्या रक्ततपासणीचे फोटो मला पाठवा. फॉर्म मी भरते, तुम्ही वाचा, आणि मगच सही करा.

तुमची,
सुनीता