राणीच्या बागेत एक तुकडा लोकांनाही द्या

मा. संपादक, स.न.

राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन लागलं की तुफान गर्दी होते, फुलांनी मढवलेल्या प्राण्यांसमोर सेल्फीला झुंबड, पोरं खूश. त्याबद्दल तक्रार नाहीच. पण माणूस घरी फोटो नेतो, आपल्या चाळीच्या नाहीतर सोसायटीच्या अंगणात काय करता येईल हे काही नेत नाही. म्हणून सुचवतो, एक तुकडा एखाद्या वस्तीला द्या आणि मॉडर्निस्ट धर्तीची, म्हणजे मोजकी झाडं आणि साधे ठळक आकार असलेली, शो गार्डन (प्रदर्शनापुरती नमुना बाग) करू द्या.

मॉडर्निस्ट म्हटलं की लोकांना नुसतं काँक्रीट आठवतं. ब्राझीलचा बाग-रचनाकार बुर्ले मार्क्स बघा. १९२८ ला तो बर्लिनला गेला आणि तिथल्या बोटॅनिकल गार्डनच्या काचघरात त्याला आपल्याच देशाची झाडं दिसली, जी घरी कोणी बागेत लावत नव्हतं! पुढे त्याने तीच लावली, एका जातीचा मोठा सलग पट्टा, शेजारी दुसरीचा. आणि आपण? एक क्रोटन, एक पाम, एक सिमेंटचा बगळा.

आपल्याकडे शहाबादी फरशी सरळ रेषेत टाकावी, सांध्यात सिमेंट न भरता मातीच ठेवावी म्हणजे पाणी मुरेल. उन्हात वाळ्याची उंच रांग, पुढे कोरांटी, सावलीकडे फक्त अबोली, आणि झाड एकच, पारिजातक. बाजूने दीड फूट उंचीचा लांब कट्टा, आजी-आजोबांना टेकता यावं म्हणून. कारंजं नको, ते दुसऱ्या महिन्यात बंदच पडतं.

माप कुठून घ्यायचं? वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत सात-सात घरांना मिळून साधारण आठ बाय आठ मीटरचा चौक दिलाय, तेवढं पुरे.

मुख्य म्हणजे बाग नंतर जाणार कुठे ते आधी ठरवा. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये २०२२ पासून प्रोजेक्ट गिव्हिंग बॅक या देणगी देणाऱ्या संस्थेच्या पैशातून सामाजिक संस्थांसाठी बागा झाल्या आणि शो संपल्यावर त्या कायमच्या जागी हलवल्या. आपल्याकडेही रोपं कुंडीसकट मातीत पुरली, फरशी वाळूवर बसवली तर टेम्पोतून हलवणं अवघड नाही. त्या जागेचं ऊन, नळ, पाणी घालणारा माणूस, सगळं बघूनच डिझाइन करायचं. आणि हे पावसाळ्याआधी ठरायला हवं, वाळा काही जानेवारीत लावून फेब्रुवारीत प्रदर्शनापर्यंत उंच होत नाही.

एक वाचक, परळ