पाठीतल्या भुलीनंतरची डोकेदुखी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सिझर होऊन घरी गेलेली बाळंतीण ‘डोके वर उचलवत नाही’ म्हणते, तेव्हा घरातली माणसे त्याचे खापर जागरणावर नाहीतर वारे लागण्यावर फोडतात. गर्भाशयाची किंवा पायाची शस्त्रक्रिया झालेली तरुणी तेच सांगते, तेव्हा पाळी जवळ आली असेल म्हणून तिला गप्प केले जाते. निवृत्त परिचारिका म्हणून मला याची फार काळजी वाटते.

पाठीत भूल देताना सुई मज्जारज्जूभोवतीच्या आवरणातून आत जाते. त्या छिद्रातून आतला द्रव पाझरत राहिला, तर मेंदूभोवतीचा दाब उतरतो आणि बसले किंवा उभे राहिले की डोके, मान ठणकू लागते, आडवे झाले की उतार पडतो. जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये या भुलीचे पहिले प्रयोग केले, तेव्हा हा त्रास त्यांनी स्वतःही भोगला होता. तो बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा तरुण स्त्रियांना अधिक होतो.

इथेच पाळीमुळे गोंधळ होतो. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटले की अनेकींची अर्धशिशी उठते, आणि प्रसूतीनंतर तर ते एकदम कोसळते. त्यामुळे दोन वेगळी दुखणी एकाच वेळी येऊ शकतात. पाळीची तारीख पाहून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र ती तारीख आणि अर्धशिशीचा पूर्वेतिहास केसपेपरवर असेल, तर नंतर आलेली डोकेदुखी ओळखणे सोपे जाईल.

रुग्णाला दिवसभर बिनउशीचे झोपवून हा त्रास टळत नाही. पेन्सिलसारख्या टोकाच्या बारीक सुईने मात्र त्याचे प्रमाण कमी होते. दुखणे हटत नसेल, तर रुग्णाचेच रक्त पाठीत सोडून छिद्र बुजवण्याचा उपायही भूलतज्ज्ञांकडे आहे.

चंदगड, आजरा, गगनबावड्याहून कोल्हापुरात येणाऱ्या स्त्रिया घरी परतल्यावर विचारणार कोणाला? म्हणून शासकीय आणि खासगी, सर्वच रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिहावे की, उठल्यावर वाढणारी डोकेदुखी असल्यास भूलतज्ज्ञांना कळवावे. आणि ताप, झटके, अंधुक दिसणे किंवा वाढलेला रक्तदाब यांपैकी काही सोबत असल्यास त्याच क्षणी रुग्णालयात यावे. गावातील आशाताईंनीही बाळंतिणीच्या भेटीत हा प्रश्न आवर्जून विचारावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
राजारामपुरी, कोल्हापूर